फुकटचा हूक

परवाच्या शनिवारी सकाळी साडेआठला चहा घेऊन गॅलरीत बसलो तो एक वाजेपर्यंत उठलोच नाही. बायको दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माझ्या गळ्यात दुर्बीण (सिंहगडावर पक्षी बघायचे म्हणून घेतलेली, एकदाच वापरलेली), मांडीवर वही आणि मोबाइलवर स्टॉपवॉच.

"नक्की काय चाललंय?"

"क्रेन मोजतोय."

"एकच तर आहे!"

बरोबर. एकच आहे. आणि प्रॉब्लेम तोच आहे की दुसरा काही, एवढंच बघत होतो.

जरा मागे जातो. आम्ही राहतो ते घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. गॅलरीतून समोर बघितलं की अर्ध्या किलोमीटरवर आमचं होऊ घातलेलं घर दिसतं. म्हणजे घर नाही दिसत. ते सतराव्या मजल्यावर आहे आणि बिल्डिंग अजून चौदाव्या स्लॅबवर आहे. घर जिथे असेल तिथली हवा दिसते म्हणा. २०२२च्या दसऱ्याला बुकिंग केलं, २०२५च्या गुढीपाडव्याला ताबा मिळणार होता. पाडवा आला, श्रीखंड खाऊन झालं, बिल्डरला महारेराकडून मुदतवाढ मिळाली. तोवर इकडे भाडं आणि तिकडे बँकेचं व्याज. पैशांचं एक वेळ सोडून द्या. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. ती कराडहून इथे येऊन राहणार तर लिफ्ट पाहिजे, म्हणून ते 'नव्या घरात गेल्यावर' असं ठरलंय. बाबा दर रविवारी फोन करतात. आधी पाऊसपाणी, मग क्रिकेट, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं, "काय म्हणतोय बिल्डर?"

तर बिल्डर काय म्हणतोय ते सांगतो. गेल्या महिन्यात साइटवर सगळ्या फ्लॅटवाल्यांची मीटिंग झाली. मांडव, समोसे, प्रोजेक्टर. एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं, 'टॉवर क्रेन युटिलायझेशन ९२ टक्के'. सगळ्या मशीनना जीपीएस बसवलंय, मशिनरी पूर्ण क्षमतेने चालू आहे, यापेक्षा जास्त वेग हवा असेल तर एकच उपाय, तो म्हणजे दुसरी क्रेन. आणि ती आम्ही आणतोय! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येताना मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. ऑफिसमध्ये कुठलाही आकडा नव्वदच्या वर दिसला की मी आधी विचारतो, हा मोजला कसा? मग इथे का नाही विचारलं? (समोसा तोंडात होता, हे खरं उत्तर.)

म्हणून शनिवारची ती वही. नऊ ते एक, २४० मिनिटं. हूक माल घेऊन जाताना किंवा परत येताना दिसला तो वेळ ९६ मिनिटं. हूक खाली जमिनीजवळ, माल बांधून व्हायची वाट बघत, ६२ मिनिटं. हूक वर स्लॅबवर, माल सोडवून घ्यायला कोणी येण्याची वाट बघत, ४५. आणि उरलेली ३७ मिनिटं हूक मधल्या हवेत नुसताच. ना वर ना खाली, त्रिशंकू. ९६ भागिले २४० म्हणजे बरोबर ४० टक्के. आता एका सकाळचा नमुना म्हणजे काही संशोधन नव्हे, आणि माल बांधायला-सोडायला वेळ लागणारच, तोही कामाचाच भाग आहे, हे मान्य. पण ९२ कुठे आणि ४० कुठे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन दादाकडे गेलो. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मेकॅनिकल इंजिनिअर, गेली बारा वर्षं साइटवर 'प्लँट अँड मशिनरी' बघतो. सध्या खराडीच्या बाजूला एका कामावर आहे. म्हणजे साइटवरची क्रेन, पंप, होइस्ट, जनरेटर, सळई कापायचं-वाकवायचं मशीन, सगळ्यांचा पालक तो. काही बंद पडलं की शिव्या त्याला, सगळं चालू असलं की तो आहे हे कोणाच्या लक्षातही नसतं. आमच्याकडच्या सिस्टिम ॲडमिनसारखं.

त्याने वही बघितली आणि हसला. "लेका, तुझे चाळीस पण खरे आणि त्यांचे ब्याण्णव पण खरे."

"ते कसं?"

"क्रेनचा स्विच चालू होता का? होता. ऑपरेटर सीटवर होता का? होता. मग लॉगबुकात चार तास 'चालू'. तुझं ते जीपीएस पण तेच सांगणार. उभ्या उभ्या इंजिन घुरघुरत राहिलं तरी अवर मीटर पळतच असतो ना. मशीन चालू असणं आणि मशीन काम करणं यात जेवढं अंतर आहे, तेवढ्यावर निम्मे जेसीबीवाले जगतात."

(जाता जाता एक गंमत. जेसीबी हे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाचं लघुरूप. पोकलेन ही मूळची फ्रेंच कंपनी. आणि हायवा हे डंपर उचलणारा हायड्रॉलिक जॅक बनवणाऱ्या डच कंपनीचं नाव. आपल्याकडे तिन्हींची सामान्यनामं झाली. २०१९मध्ये 'जेसीबी की खुदाई' बघायला सगळा देश जमला होता, पण त्या व्हिडिओंमध्ये जेसीबी किती वेळ नुसता उभा होता हे कोणी मोजलं नसणार.)

दादाने मला आधी खोदाईचं गणित शिकवलं, कारण ते सोपं. पोकलेन एक हायवा चार मिनिटांत भरतो. हायवाला जायला, माती टाकायला आणि परत यायला छत्तीस मिनिटं. म्हणजे एक फेरी चाळीस मिनिटांची. चाळीस भागिले चार, दहा हायवा असतील तर पोकलेन एक मिनिट थांबणार नाही. मालकाने पैसे वाचवायला सातच लावले तर पोकलेन दर चाळीस मिनिटांतली बारा मिनिटं बसून राहणार. आणि कोणी उत्साहाने तेरा लावले तर खोदाई जराही वाढणार नाही, फक्त तीन हायवा कायम लायनीत उभे राहून डिझेल जाळतील. इतकं साधं आहे. तरी बहुतेक साइटवर हायवा किती लावायचे हे 'किती मिळाले' यावर ठरतं.

काँक्रीटचं गणित तेच, फक्त तिथे घड्याळ जास्त कडक. स्लॅबला समजा १२० घनमीटर काँक्रीट लागतं. एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये सहा घनमीटर, म्हणजे वीस फेऱ्या. प्लँटवर भरायला बारा मिनिटं, यायला चाळीस, पंपात रिकामा व्हायला बारा, परत जायला बत्तीस. एकूण ९६ मिनिटं. पंपाला दर बारा मिनिटांनी एक गाडी हवी, म्हणजे आठ गाड्या. रात्री हे गणित सुटतं. तोच स्लॅब संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये घ्या. यायला ७५ मिनिटं, जायला ५७. फेरी १५६ मिनिटांची झाली, आता तेरा गाड्या पाहिजेत. गाड्या मात्र आठच. मग पंप थांबतो, पाइपमधलं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं, आधी ओतलेलं काँक्रीट सेट होऊन नव्या थराशी नीट जुळत नाही. त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात, आणि पुढे पावसाळ्यात नेमकं तिथूनच पाणी झिरपतं. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४९२६) काँक्रीट गाडीत भरल्यापासून दोन तासांत रिकामं व्हायला हवं. सेट व्हायला उशीर लावणारं रसायन घातलं तर जास्त सवलत. रात्री अकराला शेजारच्या साइटवर घरघर सुरू झाली की आपण सोसायटीच्या ग्रुपवर चिडून मेसेज टाकतो. मीही टाकलेत. आता टाकताना हे ९६ आणि १५६ आठवतील. टाकीनच, पण आठवतील.

खोदाईत दोनच पात्रं, पंपाला तीन. क्रेनभोवती मात्र अख्खी साइट असते, आणि खरी गोष्ट इथे आहे.

आमच्यासारख्या बिल्डिंगवर सळईवाला एक ठेकेदार, सेंट्रिंगवाला दुसरा, ब्लॉकचं बांधकाम करणारा तिसरा, प्लंबिंग-इलेक्ट्रिकवाले आणखी वेगळे. सळईवाल्याला पैसे टनावर, सेंट्रिंगवाल्याला क्षेत्रफळावर. प्रत्येकाला आपली माणसं बसून राहिली तर खिशातून जातात. क्रेन मात्र मुख्य कंपनीची. ती सगळ्यांना फुकट. महिन्याचं लाखांतलं भाडं, ऑपरेटरचा पगार, वीज, सगळं कंपनीच्या डोक्यावर. ठेकेदारासाठी हूकच्या एका तासाची किंमत शून्य.

मग शून्य किमतीच्या वस्तूचं जे होतं तेच होतं. एसटी स्टँडवर गाडी लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात बघा, अगदी तसं. सळईचा फोरमन बंडल बांधून व्हायच्या आधीच हूक खाली बोलावून ठेवतो, कारण दुसऱ्याच्या हातात गेला तर तासभर मिळायचा नाही. हूक खाली उभा, माणसं पट्टे शोधतायत. माझ्या वहीतली ती ६२ मिनिटं. वर सेंट्रिंगवाल्याच्या प्लेट पोचल्या तर ठेवायला जागा नाही, कारण आधीचा माल तिथेच पडलाय. ती ४५. आणि ३७ मिनिटांची त्रिशंकू अवस्था म्हणजे दोन फोरमन वॉकी-टॉकीवर एकमेकांच्या आई-बहिणीची विचारपूस करतायत आणि ऑपरेटर वर बसून ऐकतोय.

हे ऐकताना मला आमचा टेस्ट सर्व्हर दिसायला लागला. चार टीम, एक सर्व्हर, वापर फुकट. प्रत्येक टीम लीड सोमवारी सकाळी कॅलेंडर उघडून अख्खा आठवडा ब्लॉक करून ठेवायचा, 'लागला तर असू दे' म्हणून. सगळे ओरडत होते की सर्व्हर पुरत नाही. मॅनेजमेंटने दुसरा घेतला. दोन महिन्यांत तोही ब्लॉक! तेव्हा मीही रुमाल टाकणाऱ्यांमध्ये होतो, त्यामुळे सेंट्रिंगच्या फोरमनवर फार चिडण्याचा मला अधिकार नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की आमच्या साइटवर दुसरी क्रेन आली तर तिच्यावरही रुमाल पडेल. वर आणखी भानगड अशी की दोन क्रेनचे हात एकमेकांच्या वर्तुळात येतात, मग एकीला दुसरीसाठी थांबावं लागतं. क्रेन वाढवू नये असं माझं म्हणणं नाही. पण आधी पहिलीचे साठ टक्के कुठे जातात ते शोधा ना. दुसऱ्या क्रेनचं भाडं शेवटी कोण भरणार आहे? आम्हीच.

एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल' हे १९८४चं पुस्तक मॅनेजमेंटवाले वाचतात. त्यात कारखान्याची एक कादंबरीवजा गोष्ट आहे आणि सूत्र एवढंच की जिथे काम तुंबतं त्या एका मशीनचा तास वाया गेला की अख्ख्या कारखान्याचा तास गेला. बाकीची मशीन बसून राहिली तरी चालतं. खरं सांगायचं तर मी 'द गोल' वाचलेलं नव्हतं, त्याच्याच धर्तीवर आयटीवर लिहिलेलं 'द फिनिक्स प्रोजेक्ट' वाचलं होतं, तेही ऑफिसने फुकट वाटलं म्हणून. दादाने दोन्ही वाचलेली नाहीत. पण त्याच्या साइट ऑफिसमध्ये एक पांढरा फळा आहे.

रोज संध्याकाळी सहाला सगळे फोरमन त्या फळ्यासमोर. पंधरा मिनिटं, उभ्यानेच. (हो, आमचा स्टँड-अप. फक्त इथे खरंच सगळे उभे असतात आणि खरंच पंधरा मिनिटांत संपतो.) उद्याच्या दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, कोणत्या वेळी हूक कोणाचा. वेळ झाली तेव्हा बंडल बांधून तयार नसेल तर नंबर गेला, पुढच्याला मिळाला. वाद झाला तर निकाल एकाच माणसाचा, आणि तो माणूस फळ्यावर नाव लिहून ठरलेला. हे ऐकायला इतकं बाळबोध वाटतं की मी "बस, एवढंच?" असं विचारलं. तर म्हणे पहिले तीन आठवडे रोज भांडणं. सळईवाल्याने तर काम सोडायची धमकी दिली होती.

फळ्याशिवाय त्याने दोन-तीन गोष्टी केल्या, त्या मला जास्त आवडल्या. एक म्हणजे पट्ट्यांचे आणि शॅकलचे दोन जोड घेतले. हूक पहिला बंडल घेऊन वर गेला की खाली दुसऱ्या जोडाने पुढचा बंडल बांधायला सुरुवात. क्रेनच्या भाड्यापुढे त्याचा खर्च काहीच नाही. दुसरी म्हणजे सळईचं यार्ड हलवलं. ही क्रेन तिच्या मनोऱ्याजवळ पाच टन उचलते पण हाताच्या टोकाला जेमतेम सव्वा टन. यार्ड पूर्वी गेटजवळ होतं, टोकाला, कारण ट्रकला ते सोयीचं. तिथून दोन टनांचा माल दोन खेपांत जायचा. मनोऱ्याजवळ आणल्यावर एका खेपेत जायला लागला. मशीन तेच, ऑपरेटर तोच. आणि टाइल्स, पाइप, सिमेंटची पोती असला किरकोळ माल हूकवर घ्यायचाच नाही, तो होइस्टने.

"फरक किती पडला?"

"स्लॅबला अठरा दिवस लागायचे ते चौदावर आले. पण सगळं फळ्याला नको देऊस, मधे सेंट्रिंगचा ठेकेदार पण बदलला." आमच्या क्षेत्रात एखाद्याने असं काही केलं असतं तर मधला ठेकेदार प्रेझेंटेशनमधून कधीच गळाला असता.

मग मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, दादा, मुळात फुकट आहे म्हणून ही बोंब आहे. हूकच्या तासाला भाव लाव. ज्याने जितका वेळ अडवला तितके पैसे त्याच्या बिलातून काप. मी ॲप करून देतो, दोन वीकेंडचं काम.

दादा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "भाव लावलास तर काय होईल सांगतो. पैसे वाचवायला तो चार खेपांचा माल तीन खेपांत बांधेल. आणि वरच्या पोराला सांगेल, उचल."

वरचा पोरगा म्हणजे ऑपरेटर. त्यांच्या साइटवरचा झारखंडचा आहे, पंचविशीतला. सकाळी साठ-पासष्ट मीटर शिडी चढून जातो. बाराला जेवायला खाली, पुन्हा वर. मधे लघवीला लागली तर काय, हा प्रश्न मी विचारला आणि दादाने जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. उन्हाळ्यात ती काचेची केबिन म्हणजे भट्टी. त्याच्या दहा-बारा तासांवर खालच्या शंभर-दोनशे माणसांचा रोज अवलंबून, त्यामुळे सगळे त्याच्याच कानात ओरडणार. क्रेनला मोमेंट लिमिटर असतो. भार आणि मनोऱ्यापासूनचं अंतर यांचा गुणाकार मर्यादेबाहेर गेला की क्रेन उचलायलाच नकार देते. दादाच्या आधीच्या एका साइटवर तो लिमिटर कोणीतरी तारेने बांधून ठेवलेला त्याला सापडला. कामाला उशीर होत होता म्हणून. त्याने क्रेन एक दिवस बंद ठेवली, सगळं तपासून घेतलं, वायर रोपचे तुटलेले धागे मोजले, रोप बदलला. अपघात झाला नाही. महिन्याभरात दादाची बदली झाली. कारण लेखी दिलेलं नाही.

त्यामुळे आताच्या फळ्यावर सकाळी सात ते आठ हा रकाना कायमचा राखून ठेवलेला आहे, ग्रीसिंग आणि तपासणीसाठी. तो मिळवण्यासाठी त्याला हेड ऑफिसशी चार महिने भांडावं लागलं, कारण त्यांच्या एक्सेलमध्ये तो तास 'आयडल' म्हणून लाल रंगात येतो. दुसरा ऑपरेटर ठेवण्यासाठी अजून भांडतोय.

इथे माझी बोलती बंद झाली. मी सकाळभर दुर्बीण लावून हूक मोजला, त्यात वरच्या केबिनकडे किती वेळा बघितलं? एकदाही नाही. वहीत ऑपरेटरसाठी रकानाच नव्हता.

घरी आल्यावर एम्पायर स्टेट बिल्डिंगबद्दल पूर्वी वाचलेलं पुन्हा काढून वाचलं. १७ मार्च १९३० ला बांधकाम सुरू, १ मे १९३१ ला उद्घाटन, १०२ मजले. हे सगळे सांगतात, आणि मग 'बघा, तेव्हा जमलं, आपल्याला का नाही' असं म्हणून मोकळे होतात. तो मंदीचा काळ, हातांना काम नव्हतं, कोणी तक्रार करण्याच्या स्थितीत नव्हतं, अधिकृत आकड्याप्रमाणे पाच माणसं गेली. तेव्हा तुलना जपून. पण मशिनरीच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. ठेकेदार होते स्टॅरेट ब्रदर्स अँड ईकन. तुमच्याकडे यंत्रसामग्री काय आहे, असं मालकांनी विचारल्यावर पॉल स्टॅरेट म्हणाले होते की काहीही नाही, साधं टिकाव-फावडंही नाही. या कामाला जुनी उरलीसुरली यंत्रं चालायची नाहीत, कामाला बेतलेली नवी घेऊ आणि काम झाल्यावर विकून पैसे तुमच्या खात्यात जमा करू. हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलंय.

आणि पुढे? भर मॅनहॅटनमध्ये माल ठेवायला जागा नाही. म्हणून रोज सकाळी छापील वेळापत्रक, कोणता ट्रक कधी येणार, कोणत्या लिफ्टने कोणता माल कोणत्या मजल्यावर जाणार. साधारण एक कोटी विटा लागल्या, त्या ट्रकमधून थेट तळघरातल्या कोठारात पडायच्या, तिथून छोट्या रुळांवरच्या गाड्यांत, गाडी लिफ्टने वर, वर पुन्हा रूळ. वीट हातगाडीवर चढवा-उतरवा हा प्रकारच नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बिल्डिंग वर चढेल तशी त्यांनी मजल्यांवरच कँटीन उघडली, म्हणजे जेवायला कोणी लिफ्ट अडवून खाली यायला नको.

हे दादाला फोन करून सांगितलं तर त्याने लगेच हिशेब केला. त्यांच्या होइस्टमध्ये एका वेळी बारा माणसं, एक फेरी पाच मिनिटांची. १८० कामगार वर न्यायचे म्हणजे पंधरा फेऱ्या, ७५ मिनिटं. आठची शिफ्ट असेल तर शेवटची टोळी सव्वानऊला कामावर. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तेच, खाली आणि वर. "आणि आम्ही म्हणतो पोरं कामचुकार आहेत," तो म्हणाला. आता तो वर पाण्याची टाकी, टॉयलेट आणि डबे खायला सावली करायची परवानगी मागतोय. हेड ऑफिसला हे मशिनरीच्या खर्चात कसं बसतं ते समजत नाहीये म्हणे.

ॲपचं म्हणाल तर ते मी करतोय. दादाने अट घातली की कोड लिहायच्या आधी सलग एक आठवडा संध्याकाळी सहाच्या मीटिंगला येऊन उभं राहायचं. चार दिवस झाले. हिंजवडीहून खराडीला सहापर्यंत पोचायचं म्हणजे काय, ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मॅनेजरला सांगितलंय की फॅमिली मॅटर आहे. खोटं नाही ते. जीपीएस, टेलिमॅटिक्स ही चांगली चीज आहे, डिझेलची चोरी पकडते, सर्व्हिसिंगची तारीख आठवण करून देते, मशीन रात्री परस्पर दुसऱ्याच्या प्लॉटवर खोदायला गेलं तर सांगते. पण हूक खाली का थांबला हे तिला कळत नाही. ते फोरमनला माहीत असतं, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. सध्या माझ्या ॲपमध्ये एकच स्क्रीन आहे. हूक थांबला की सिग्नलमनने एक बटण दाबायचं, चार पर्याय, चार चित्रं, वाचता आलं नाही तरी चालेल. पाचवं चित्र ऑपरेटरचं टाकलंय, तो थकला किंवा त्याला उतरायचं असेल तर. हे पाचवं बटण हेड ऑफिसच्या रिपोर्टमध्ये लाल दाखवायचं नाही, यावर दादा आणि माझं एकमत आहे.

येत्या रविवारी आमच्या बिल्डरची पुढची मीटिंग, अकरा वाजता. गेल्या वेळी सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, ताबा कधी? त्याचं उत्तर स्लाइडवर असतंच. या वेळी दोन प्रश्न लिहून ठेवलेत. उद्या सकाळी दहा वाजता हूक कोणाचा आहे, हे आत्ता या मांडवात कोण सांगू शकेल? आणि तुमचा ऑपरेटर दिवसातून किती वेळा खाली उतरतो? शेजारच्या बी विंगमधले काका म्हणाले, "असले प्रश्न विचारून बिल्डर चिडला तर?" बघू. बाबांचा फोन त्यानंतरच येईल, मीटिंगची वेळ त्यांना माहीत आहे.